कॅनव्हासवरची आजी

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात ‘छंद आपला आपला’ या सत्रात केलेलं भाषण. बोलताना घाईत जे राहून गेलं, ते लिहिताना थोडं भरून काढलं आहे.)



मसाला दूध पोटात गेलंय आणि भेंड्या अजून सुरू व्हायच्या आहेत, अशा मधल्या वेळात मला वीस मिनिटं दिली आहेत. कार्यकारिणीतून फोन आला तेव्हा मी म्हटलं, अहो, मी सॉफ्टवेअरवाला माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टीममधल्या चुका शोधतो, मी काय बोलणार? तर म्हणाले, “तुमच्या हॉलमध्ये आजींचा तो कापडावरचा फोटो आहे ना, तो घरी कसा केला ते सांगा.” तर आज तेच सांगणार आहे. कसा केला ते तर सांगतोच, पण आधी कसा बिघडवला तेही सांगणार आहे. माझ्या मते जास्त उपयोगाचा भाग तोच आहे.

आधी एक शंका दूर करतो. फोटो कॅनव्हासवर कशाला? चांगला काचेच्या फ्रेममध्ये राहतो की! राहतो, पण नेहमी नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत फोटो काचेला चिकटतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. फोटोवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. दमट हवेत तो थर मऊ पडतो आणि काचेला धरून बसतो. मग कुणीतरी हौसेनं फ्रेम उघडतं, फोटो ओढतं आणि अर्धा चेहरा काचेवर राहतो. तुमच्याकडे असा फोटो असेल तर ओढू नका. काचेसकट स्कॅन करा. तेवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी माझी वीस मिनिटं वसूल झाली.

कॅनव्हासला काच लागत नाही, दिव्याची चमक डोळ्यांवर येत नाही, वजन कमी असतं आणि अपार्टमेंटच्या भिंतीला मोठं भोक पाडावं लागत नाही. शिवाय छापलेल्या चित्राला तैलचित्राचा भास आणायची आपली हौस जुनी आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं आपल्या पणज्यांच्या देवघरात होती. त्यांना ओलिओग्राफ म्हणत. त्या प्रकारच्या छपाईत चित्राला व्हार्निश लावून तेलरंगाची चकाकी आणत, कधी कधी कॅनव्हासची वीणसुद्धा कागदावर दाबून उठवत. आपण आज जे करणार आहोत ते त्याच्याच धाकट्या भावासारखं समजा.

घरी करायच्या तीन पद्धती आहेत. पहिली, प्रिंट सरळ कॅनव्हासवर चिकटवायचा. दुसरी, कागद काढून टाकायचा आणि फक्त चित्र कॅनव्हासवर उतरवायचं. तिसरी, कॅनव्हासच प्रिंटरमधून काढायचा. मजा दुसरीत आहे, म्हणून आधी ती सांगतो.

हिला लागतं काय? एक, लेझर प्रिंटरवर किंवा झेरॉक्स मशीनवर काढलेली प्रिंट. इंकजेटची नाही. दोन, पांढरा जेसो लावलेला तयार कॅनव्हास, आठ बाय दहा इंचांचा सुरुवातीला पुरे. तीन, ॲक्रिलिक जेल मीडियम, क्राफ्टच्या दुकानात रंगांच्या शेजारी डब्यात मिळतं. चार, चपटा ब्रश, जुनं क्रेडिट कार्ड, स्पंज आणि वाडगाभर पाणी. दोन पिझ्झ्यांच्या पैशात सगळं येतं. आणि पाच, धीर. तो दुकानात मिळत नाही.

लेझरच का? माझ्यातला इंजिनियर इथे जरा जागा होतो, त्याला दोन मिनिटं द्या. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची रंगीत बारीक पूड. विजेच्या भाराच्या जोरावर ती कागदावर हव्या त्या जागी बसते आणि मग गरम रोलरखालून जाताना वितळून कागदाला चिकटते. प्लॅस्टिक पाण्यात विरघळत नाही. जेल मीडियम वाळलं की तेही एक पारदर्शक प्लॅस्टिकच होतं आणि टोनरला घट्ट धरतं. कागद मात्र पाण्यानं फुगतो आणि सुटतो. म्हणजे चित्र जेलला धरून राहतं आणि कागद बोटांनी चोळून निघून जातो. सगळी युक्ती एवढीच आहे. घरच्या बऱ्याच इंकजेट प्रिंटरांची शाई पाण्यात विरघळणारी असते, ती चोळली की आजी-आजोबा सगळे एकाच जांभळ्या डबक्यात जातात. आपला प्रिंट कुठला हे कळत नसेल तर कोपऱ्यावर ओलं बोट घासून बघा. फासलं तर इंकजेट. घरी लेझर नसेल तर कॉपीच्या दुकानात जा, किंवा लायब्ररीत. तिथला प्रिंटर बहुधा लेझरच असतो.

आता एक गंमत. या दोन्ही गोष्टींचं आपल्या ओहायोशी नातं आहे, हे मला इथे इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. चेस्टर कार्लसन नावाच्या माणसानं २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात गंधक लावलेल्या पत्र्यावर पूड भुरभुरून पहिली झेरॉक्स काढली. पुढची काही वर्षं त्याला कुणी दारात उभं केलं नाही. १९४४ साली ज्या संस्थेनं त्याला हात दिला आणि ती कल्पना चालण्याजोगी केली, ती कोलंबसची बॅटेल संस्था. आणि पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग हेन्री लेव्हिसन यांनी १९५५ च्या सुमारास बनवले ते सिनसिनाटीत, लिक्विटेक्स नावानं. म्हणजे टोनर कोलंबसचा आणि जेल सिनसिनाटीचं. आता सांगली तेवढी मधे यायची राहिली होती, ती मी आणली.

तर आता कृती. आमच्या घरी पुरणपोळीची कृती जशी आई सांगते तशी सांगतो, म्हणजे जिथे बिघडतं तिथे थांबून.

पहिली पायरी, स्कॅन. मोबाईलनं फोटोचा फोटो काढू नका. सावली पडते, कडा वाकड्या येतात. फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा. हिशेब सोपा आहे. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० ला स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. तो आठ बाय बारा इंच छापला तर इंचाला ३०० पडतात, म्हणजे उत्तम. सोळा बाय चोवीस छापला तर १५० पडतात. कागदावर ते कमी वाटेल, कॅनव्हासवर चालून जातं, कारण कापडाची वीणच इतकी जाड की बारकावा तसाही तिच्यात मुरतो.

दुसरी पायरी, चित्र आरशासारखं उलटं करा. प्रिंट आपण पालथी चिकटवणार, त्यामुळे उलटं छापलं तरच सुलटं उतरतं. हे मी पहिल्यांदा विसरलो. आमच्या एका मावशीचा फोटो उतरवला होता. छान आला, भिंतीवर लावला, आलेल्या शेजारीणबाईंनी विचारलं, “तुमच्या मावशी गुजराती का हो?” मी म्हटलं, नाही, का? तर म्हणाल्या, “पदर उजव्या खांद्यावर घेतलाय ना!” तेव्हापासून माझी एक तपासणी ठरलेली आहे. बायकांचा पदर डावीकडे, पुरुषांच्या शर्टाचा खिसा डावीकडे. छापलेल्या कागदावर दोन्ही उजवीकडे दिसले की समजायचं, बरोबर आहे.

तिसरी, साध्या पातळ कागदावर छापा. प्रिंटरमध्ये नेहमी असतो तो, ७५ ग्रॅमचा. चकचकीत फोटो पेपर नको. चित्र थोडं उजळ आणि काँट्रास्ट जरा जास्त ठेवा, कारण उतरल्यावर ते किंचित मंद होतं. आणि लेझर प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. आजोबांचं धोतर पांढरं दिसतं ते कॅनव्हासच्या पांढरेपणामुळे. म्हणून कॅनव्हास स्वच्छ हवा. चित्राभोवतीची कोरी कड कापून टाका.

चौथी, कॅनव्हासच्या खाली, चौकटीच्या आत मावेल असं एक पुस्तक ठेवा. नाहीतर दाबताना मधला भाग खाली जातो आणि चित्र तिथेच नीट चिकटत नाही. आता जेल लावा. किती? पोळीला तूप लावतो तेवढं कमी पडतं. ब्रेडला लोणी लावतो तेवढं, सगळीकडे सारखं. ते लवकर वाळतं, त्यामुळे लावलं की लगेच प्रिंट पालथी ठेवा आणि क्रेडिट कार्डानं मधून कडांकडे हवा काढत जा. एक जरी बुडबुडा राहिला तरी तिथे चित्र उतरत नाही, पांढरा ठिपका पडतो. तो बरोबर डोळ्यावर पडतो, हा माझा अनुभव!

पाचवी, रात्रभर विसरून जा. कमीत कमी बारा तास, चोवीस दिले तर उत्तम. हिवाळ्यात हीटर चालू असतो तेव्हा घरातली हवा कोरडी असते, लवकर वाळतं. जुलैत बेसमेंटमध्ये ठेवलंत तर आणखी एक दिवस द्या. ही पायरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त लोकांची इथेच चुकते, कारण कुणालाच थांबवत नाही.

सहावी, ओल्या स्पंजनं कागद भिजवा, दोन मिनिटं थांबा आणि बोटांच्या टोकांनी गोल गोल चोळा. नखं लावायची नाहीत. (इथे घरून अर्धवट तयार करून नेलेल्या कॅनव्हासवर प्रात्यक्षिक दाखवलं.) बघा, कागदाच्या कशा वळ्या निघतात! दिवाळीच्या पहाटे वाळलेलं उटणं चोळताना निघतात ना, अगदी तशा. खालून चेहरा यायला लागतो. हा क्षण बघायला मुलांना जवळ बोलवा, व्हिडिओ गेमवाली मुलंसुद्धा हातातलं सोडून येतात.

सातवी, वाळू द्या. वाळलं की चित्रावर पांढरट धुकं दिसेल, म्हणजे कागदाचे तंतू अजून आहेत. पुन्हा भिजवा, पुन्हा हलक्या हातानं चोळा. तीन-चार वेळा. सगळं एका बैठकीत काढायला गेलात तर टोनरही निघेल. शेवटी जे अगदी पुसट धुकं उरतं ते चोळून जात नाही, त्याच्यावर जेलचा पातळ हात द्या, ते पारदर्शक होऊन नाहीसं होतं. वाळल्यावर ॲक्रिलिक व्हार्निश लावा आणि सरळ ऊन येणार नाही अशा भिंतीवर लावा. झालं.

ज्यांना एवढा धीर नाही त्यांच्यासाठी पहिली पद्धत. प्रिंट सुलटाच छापायचा, पातळ मॅट कागदावर. कॅनव्हासला जेल, त्यावर प्रिंट सरळ बाजू वर, हवा काढायची, वाळल्यावर वरून ब्रशनं जेलचे दोन हात. ब्रशचे फटकारे मुद्दाम दिसू दिले की तैलचित्राचा भास येतो. फक्त इंकजेटची प्रिंट असेल तर आधी त्यावर फिक्सेटिव्हचा फवारा मारून वाळवा, नाहीतर ओल्या जेलनं रंग ओघळतील. कडा मागे वळवायच्या नसल्यामुळे त्या काळ्या किंवा तपकिरी रंगानं रंगवून टाका, सफाईदार दिसतं.

तिसऱ्या पद्धतीत इंकजेटसाठी खास कॅनव्हासचे ताव मिळतात, ते प्रिंटरमध्येच घालायचे. छपाई सोपी आहे, ताणून बसवणं अवघड. इथेही हिशेब आधी करा. पाऊण इंच जाडीची लाकडी चौकट असेल तर प्रत्येक बाजूला पाऊण इंच जाडीसाठी आणि पाऊण इंच मागे स्टेपल मारायला, म्हणजे दीड इंच जास्तीचं कापड लागतं. पाच बाय सात इंचांच्या चित्राला आठ बाय दहाचा ताव हवा. घरच्या प्रिंटरच्या साडेआठ बाय अकराच्या तावात यापेक्षा फार मोठं बसत नाही. स्टेपल मारताना आधी चारही बाजूंच्या मधोमध एकेक, समोरासमोर ओढून. मग मधून कोपऱ्यांकडे. एका कोपऱ्यातून सुरुवात केलीत तर कापडाला कायमची तिरकी सुरकुती पडते, ती नंतर निघत नाही.

आता बिघडवल्याची गोष्ट.

बाबांच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, एक फोटो होता. १९६८ साली सांगलीच्या स्टुडिओत काढलेला, पोस्टकार्डएवढा, कृष्णधवल. आजी खुर्चीत बसलेली, नऊवारी, हातात उगीचच एक पुस्तक दिलेलं. मी इकडे यायला निघालो तेव्हा आईनं तो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून माझ्या बॅगेत ठेवला होता. “जपून ठेव,” एवढंच म्हणाली होती.

२०२२ च्या जानेवारीत बाहेर बर्फ आणि घरात नवा छंद. लेझरवरून दोन-तीन चित्रं उतरवून झाली होती, पण थोडी धुरकट आली होती. मला वाटलं, प्रतीवरून प्रत कशाला काढायची? अस्सल फोटो इतका सुरेख आहे, तोच सरळ उतरवला तर किती छान येईल! स्कॅन करावं असं मनात आलं नाही असं नाही. स्कॅनर कपाटावर वरच्या फळीवर होता. “नंतर करू” म्हटलं. मंडळी, मी ज्या धंद्यात आहे तिथे बॅकअप न घेता चालू सिस्टीमला कुणी हात लावला तर त्याला आम्ही उभा सोलतो. आणि मी माझ्या आजीचा एकमेव फोटो जेलमध्ये पालथा घातला.

काय झालं ते आता मला नीट कळतं. जुन्या कृष्णधवल फोटोत टोनर नसतो. कागद, त्याच्यावर बॅराइटा म्हणजे बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र थर, आणि त्याच्यावर जिलेटिन, ज्यात चांदीच्या सूक्ष्म कणांनी चित्र तयार झालेलं असतं. मी मागून कागद चोळला, तो गेला. खाली पांढरं लागलं. मला वाटलं, हे नेहमीचं धुकं, म्हणून आणखी भिजवलं, आणखी चोळलं. ते धुकं नव्हतं, बॅराइटा होता. त्याच्या पलीकडचं जिलेटिन तोवर पाणी पिऊन जेलीसारखं मऊ झालं होतं. ते एकदम सरकलं. कॅनव्हासवर साडीचे काठ राहिले, पुस्तक धरलेला हात राहिला. चेहरा माझ्या बोटांवर आला.

अलीकडच्या रंगीत फोटोंचंही तेच, फक्त कारण वेगळं. त्यांच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर असतो. पाणी आत शिरतच नाही, चोळून काही होत नाही, लोक मग नखानं पापुद्रे काढायला जातात आणि फाटतं. थोडक्यात, स्टुडिओतला किंवा लॅबमधला अस्सल फोटो या कामाला कधीही वापरायचा नाही. कधीही!

मी तीन आठवडे घरी सांगितलं नाही. दर रविवारी फोन व्हायचा, हवापाण्याचं बोलायचो. मनात धरून चाललो होतो की गावभागात आत्याकडे अल्बम आहेत, त्यात आजीचे आणखी फोटो असतील, ते मिळाले की मग सांगू. शेवटी एका रविवारी सांगून टाकलं. बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आत्याकडचे अल्बम २०१९ च्या पुरातच गेले रे.”

मला हे माहीत नव्हतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं तेव्हा आत्याचं घर तळमजल्यावर बुडालं होतं, हे माहीत होतं. फ्रिज गेला, धान्य गेलं, गाद्या गेल्या, ते सगळं फोनवर ऐकलं होतं. फोटोंचं कोण सांगत बसतं? पाणी ओसरल्यावर आत्यानं ओले अल्बम तसेच बंद ठेवून उन्हात वाळवले. त्यांची वीट झाली. खरं म्हणजे ओले आहेत तोवरच फोटो हळूहळू वेगळे करायचे असतात, स्वच्छ गार पाण्यातून काढायचे आणि सावलीत कापडावर चित्राची बाजू वर करून पसरायचे. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे, नंतर सावकाश सोडवता येतात. पण ज्या घरात वीज नाही, चिखल गुडघाभर आहे, तिथल्या बाईला हे कोण सांगणार? तिची चूक नव्हती. माझी होती.

आई फोनवर आली. म्हणाली, “फोटो गेला ते गेलं. पण तू तीन आठवडे हसून बोलत होतास, ते नव्हतं करायचं.” याच्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

त्यानंतर बाबांनी मात्र कंबर कसली. सत्तरीच्या आसपासचा माणूस, मिरज, कुरुंदवाड, पुणे, जिथे जिथे नातेवाईक तिथे फोन लावले. दोन महिन्यांनी पुण्याच्या चुलत्यांकडे १९७१ च्या एका मुंजीतला ग्रुप फोटो निघाला. पंचेचाळीस माणसं. दुसऱ्या रांगेत आजी, चेहरा अर्ध्या इंचाचा. चुलतभावानं मोबाईलनं फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला, त्यात आजी म्हणजे एक करडा ठिपका होती. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लहान करून पाठवतं. मग त्याला स्टुडिओत जाऊन १२०० डीपीआयला स्कॅन करायला सांगितलं आणि फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावली, तशी ती जशीच्या तशी येते. अर्धा इंच गुणिले १२००, म्हणजे चेहऱ्याला ६०० पिक्सेल मिळाले. कॅनव्हासवर चेहरा चार इंचांचा केला तर इंचाला १५० पडतात. बसला हिशेब!

तरी फोटो मऊच होता. मग मी हल्लीचा उपाय करून पाहिला. एआयवर चालणारं एक ॲप घेतलं, त्यात चेहरा घातला. दहा सेकंदांत पापण्या न् पापण्या मोजता येतील असा लख्ख फोटो आला. मी खूष होऊन बाबांना पाठवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला असणार, कारण जरा वेळानं उत्तर आलं. “चांगला आहे. पण ही कोण?”

अशी ॲप्स फोटोत नसलेला तपशील शोधून काढत नाहीत, ती तो तयार करतात. हजारो चेहरे पाहून शिकलेलं मशीन तिथे शोभेल असा चेहरा बसवतं. सुंदर बसवतं, पण तो आपल्या माणसाचा असेलच असं नाही. ओरखडे आणि डाग पुसायला कॉम्प्युटर जरूर वापरा, मीही वापरतो. चेहऱ्याला हात लावू देऊ नका.

शेवटी मूळ मऊ चित्रच घेतलं. कॅनव्हासच्या विणीनं त्याचा मऊपणा झाकला. कागद चोळताना कडा थोड्या झिजल्या, त्या तशाच ठेवल्या. तीन प्रती केल्या. एक आमच्या हॉलमध्ये आहे, एक बाबांकडे, एक सांगलीला आत्याकडे गेली. या वेळी आत्यानं ती दुसऱ्या मजल्यावर लावली आहे. आत्याचा फोन आला. म्हणाली, “साडी हिरवी होती रे, काठ लाल. मुंजीला मामानं दिलेली.” मी रंग भरला नाही, कारण मी भरलेला हिरवा तो हिरवा नसता. कॅनव्हासच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवलं: हिरवी साडी, लाल काठ, मामाकडची, आत्यानं सांगितलं.

आणि इथेच मला मुख्य मुद्दा सांगायचा आहे. त्या पंचेचाळीस माणसांपैकी बाबांना एकोणीस ओळखता आली. आत्याला अकरा आणखी. उरलेली पंधरा माणसं कोण, हे सांगणारं आता आमच्या घरात कुणी नाही. ते वाचवायला कुठलं जेल नाही आणि कुठलं ॲप नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी बरेच जण या डिसेंबरात भारतात जाणार आहेत. जाताना बॅगेत चॉकलेटं थोडी कमी न्या आणि एक छोटा स्कॅनर न्या. एक दुपार काढा. आई-वडिलांना, काका-आत्यांना शेजारी बसवा, एकेक फोटो स्कॅन करा आणि ते जे सांगतील ते तिथल्या तिथे नावासकट लिहून घ्या. फोटोच्या मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं, कडेला. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आमच्या धंद्यात एक नियम आहे, तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, आणि एक दुसऱ्या जागी. आपण परदेशात राहणारे लोक, आपल्याला दुसरी जागा शोधायला जावं लागत नाही. एक तिकडे ठेवा, एक इकडे, एक क्लाउडवर. मग कृष्णेला पूर येवो नाहीतर माझ्यासारखा उत्साही नातू निपजो, काही बिघडत नाही.

एवढं झालं की मग खुशाल कॅनव्हास आणा, जेल आणा आणि चोळत बसा. बिघडलं तर दुसरी प्रिंट काढायची, त्यात काय!

माझी वीस मिनिटं संपली आणि भेंड्यावाले माझ्याकडे रोखून बघताहेत. अर्धवट बिघडलेला तो पहिला कॅनव्हासही आज आणला आहे, मागच्या टेबलावर ठेवलाय. काठ आणि हात तेवढे आहेत त्यावर. तो मी टाकून दिलेला नाही. ज्यांना बघायचा असेल त्यांनी दूध पिऊन झाल्यावर, हात पुसून, जरूर बघावा.